‘परत बोलावणे’ : एका शब्दाचा आणि एका जबाबदारीचा इतिहास

१

‘अमुक कंपनीने इतक्या हजार गाड्या परत मागवल्या’ हे वाक्य मराठी वृत्तपत्रांच्या वाचकाला गेल्या पंधरा वर्षांत चांगलेच ओळखीचे झाले आहे. व्याकरणाच्या दृष्टीने ते अगदी सरळ आहे. अर्थाच्या दृष्टीने मात्र त्यात एक गफलत आहे. मराठीत ‘परत मागवणे’ हे क्रियापद दिलेल्या वस्तूवर ज्याचा हक्क अजून शिल्लक आहे त्याच्या तोंडी शोभते. वाचायला दिलेले पुस्तक आपण परत मागवतो. गहाण ठेवलेला दागिना परत मागता येतो. पण बाजारात विकलेला बैल कोणी परत मागवत नाही. दोर दुसऱ्याच्या हातात गेला की व्यवहार संपला, पुढे बैल मारका निघो की आळशी, ते घेणाऱ्याचे नशीब, अशीच आपल्याकडची शतकानुशतकांची समजूत आहे. मग पूर्ण किंमत मोजून घेतलेली, आरटीओत आपल्या नावावर चढलेली गाडी कंपनी ‘परत मागवते’ म्हणजे नेमके काय करते?

उत्तर साधे आहे. कंपनी गाडी घेत नाही. गाडीतला एखादा भाग सदोष असल्याचे तिच्या लक्षात आलेले असते आणि तो विनामूल्य तपासून, बदलून देण्यासाठी ती मालकाला बोलावते. मागवली जाते ती गाडी नव्हे, बोलावला जातो तो मालक. इंग्रजी ‘रिकॉल’ या शब्दाचे हे भाषांतर घाईत झाले आणि रूढ झाले. याच शब्दाचे दुसरे भाषांतर आपल्याकडे राजकारणात आधीच आले होते. निवडून दिलेला प्रतिनिधी परत बोलावण्याचा अधिकार मतदाराला असावा ही मागणी जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनात १९७४ च्या सुमारास पुढे आली आणि २०११ मध्ये अण्णा हजारे यांनी तिचा पुनरुच्चार केला. तिथे बोलावणारा मतदार असतो, म्हणजे ज्याने विश्वास टाकला तो. वाहनाच्या बाबतीत बोलावणारा तो असतो, ज्याच्यावर विश्वास टाकला गेला. एकाच शब्दाच्या या दोन दिशा ध्यानात ठेवल्या, तर पुढचा इतिहास समजायला मदत होते. कारण हा इतिहास मुळात एकाच प्रश्नाचा आहे: दोष आहे हे ठरवायचे कोणी, आणि ठरल्यावर पाऊल उचलायचे कोणी?

२

या प्रश्नाचे एक उदाहरण नाशिककरांच्या अगदी दाराशी घडले आहे. जुलै २०२१ मध्ये महिंद्र अँड महिंद्र कंपनीने आपल्या नाशिक कारखान्यात तयार झालेल्या सहाशेहून थोड्या कमी डिझेल गाड्या तपासणीसाठी बोलावल्या. २१ जून ते २ जुलै २०२१ या काळात या गाड्या तयार झाल्या होत्या. कारण विलक्षण होते. गाडीच्या रचनेत चूक नव्हती, कोणता सुटा भागही कच्चा निघाला नव्हता. कारखान्यात आलेले इंधन दूषित होते, आणि त्यामुळे इंजिनचे भाग वेळेआधी झिजण्याची शक्यता कंपनीला वाटली. गाडी कारखान्याबाहेर पडताना तिच्या टाकीत जे पहिले डिझेल पडते, त्याच घोटाने बाधा झाली होती.

संख्येच्या दृष्टीने ही घटना किरकोळ. याच कंपनीने डिसेंबर २०१३ मध्ये स्कॉर्पिओच्या एका प्रकारातल्या २३ हजार ५१९ गाड्या इंधनाचा दाब नियंत्रित करणारी झडप बदलण्यासाठी बोलावल्या होत्या. २००२ मध्ये बाजारात आलेली स्कॉर्पिओ ही नाशिकच्या औद्योगिक इतिहासातली अभिमानाची गोष्ट. सातपूर-अंबडची ओळख सुट्या भागांचे कारखाने अशीही आहे. मायको या नावाने नाशिककर ज्याला आजही ओळखतात, आणि ज्याचे अधिकृत नाव २००८ मध्ये बॉश लिमिटेड झाले, तो कारखाना डिझेल इंजिनात इंधन फवारणारे भाग करतो. एका शहरात गाडी आणि तिच्या इंधनवाहिनीचे महत्त्वाचे भाग, दोन्ही बनत असल्यामुळे इथल्या शेकडो घरांत कोणी ना कोणी जुळवणीच्या साखळीवर उभे राहिलेले असते. दोष कसा शिरतो हे अशा घरांना सांगावे लागत नाही. एखाद्या पाळीत यंत्र किंचित सरकते, पुरवठादाराचा एक खोका वेगळ्या प्रतीचा निघतो, बोल्ट आवळण्याचे माप बदलते. आणि अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या सगळ्या गाड्यांत तोच दोष एकसारखा उतरतो.

हातकामाचा आणि यंत्रयुगातील उत्पादनाचा फरक इथे दिसतो. सुताराने केलेली एक खुर्ची मोडली तर ती एकच मोडते. कारखान्यातली एक वस्तू मोडली तर तिच्या जोडीच्या हजार वस्तू मोडायच्या बाकी आहेत असा तिचा अर्थ असू शकतो. म्हणून एका मालकाची तक्रार ही केवळ त्याची तक्रार राहत नाही; ती उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांसाठी इशारा असते. ‘परत बोलावणे’ ही कल्पना या जाणिवेतून जन्मली. ती जन्मायला मात्र मोटारीच्या शोधानंतर सत्तर-ऐंशी वर्षे जावी लागली.

३

अमेरिकेत १९६५ पर्यंत अपघाताचे कारण साधारणपणे चालकात शोधले जाई. त्या वर्षी राल्फ नेडर या तरुण वकिलाचे ‘अनसेफ अॅट एनी स्पीड’ हे पुस्तक आले. अपघाताला गाडीची रचनाही जबाबदार असू शकते आणि कंपन्यांना ते ठाऊक असते, हे त्याचे म्हणणे. जनरल मोटर्सने नेडरच्या मागे खासगी हेर लावले. ते उघडकीला आल्यावर मार्च १९६६ मध्ये कंपनीच्या अध्यक्षाला सिनेटच्या उपसमितीपुढे क्षमा मागावी लागली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वाहनसुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला.

या कायद्याची एक बाजू सहसा सांगितली जात नाही. १९६६ च्या कायद्याने निर्मात्यावर दोष कळवण्याचे बंधन घातले. तो फुकट दुरुस्त करून देण्याचे बंधन १९७४ च्या दुरुस्तीने आले. मधली आठ वर्षे कायद्याच्या दृष्टीने मालकाला फक्त कळवले की पुरे होते. तुमच्या गाडीत धोका आहे असे पत्र यायचे. पुढचा खर्च कोणाचा हे कंपनीच्या मर्जीवर. सांगणे आणि निस्तरणे या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत, आणि पहिली पार पाडल्याने दुसरी आपोआप पार पडत नाही, हे समजायला एका प्रगत देशाच्या संसदेला आठ वर्षे लागली.

फोर्ड कंपनीच्या पिंटो गाडीचे प्रकरण नीतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत अजरामर झाले आहे. मागून धडक बसली की या गाडीची इंधनटाकी पेट घेण्याचा धोका होता. १९७७ मध्ये ‘मदर जोन्स’ या नियतकालिकाने कंपनीच्या एका टिपणाला प्रसिद्धी दिली. त्यात एका माणसाच्या जिवाची किंमत दोन लाख डॉलर धरून, दर गाडीमागे अकरा डॉलरचा सुधारणाखर्च परवडतो की नाही याचे गणित मांडले होते. ते परवडत नव्हते. १९७८ मध्ये फोर्डने पंधरा लाख गाड्या बोलावल्या. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले की ते टिपण पिंटोविषयी नव्हतेच. गाडी उलटल्यावर होणाऱ्या इंधनगळतीसंबंधी ते सरकारी नियामकाला सादर केलेले होते, आणि जिवाची ती किंमतही नियामकाच्याच आकडेमोडीतून आली होती. म्हणजे कथा जितकी काळी-पांढरी सांगितली जाते तितकी ती नाही. तरी ती टिकून राहिली, कारण दोष दुरुस्त करावा की नाही हा निर्णय कोठेतरी एका कोष्टकात होतो, ही लोकांच्या मनातली शंका तिने शब्दबद्ध केली.

जपानमधल्या मित्सुबिशीचे उदाहरण याहून वेगळे आणि आपल्याला अधिक जवळचे आहे. २००० साली या कंपनीला कबूल करावे लागले, की ग्राहकांच्या तक्रारी वीसहून अधिक वर्षे सरकारपासून लपवल्या गेल्या होत्या. गाड्या दुरुस्त होत नव्हत्या असे नाही. जाहीर न करता, गुपचूप होत होत्या. सर्व्हिसिंगला गाडी आली की भाग बदलायचा आणि बोलायचे नाही. वरवर पाहता यात मालकाचे काय बिघडले? बिघडले ते जो सर्व्हिसिंगला आला नाही त्याचे. गुपचूप दुरुस्तीचा लाभ केवळ येणाऱ्याला मिळतो. ज्याला बोलावण्याची खरी गरज असते त्याच्यापर्यंत ती पोहोचत नाही.

४

आपल्याकडे हा विषय उशिरा आला, त्याला कारणे आहेत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियरच्या कुर्ल्यातल्या कारखान्यातून फियाट निघत असे, तेव्हा गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. जो इतकी वाट पाहून गाडी मिळवतो तो दोषाबद्दल बोलत नाही. तो मिस्त्री शोधतो. परवान्यांच्या त्या राज्यात निर्मात्याची उणीव भरून काढण्याचे काम रस्त्यावरच्या गॅरेजने केले. कोणत्या गाडीचा कोणता भाग कितव्या हजार किलोमीटरला दगा देतो हे ज्ञान मिस्त्रीच्या बोटांत होते. ते कारखान्याकडे परत जाण्याची वाट मात्र नव्हती. हजार मिस्त्री हजार ठिकाणी एकच दोष दुरुस्त करीत राहिले, आणि कारखाना तो दोष घडवीत राहिला.

ग्राहकाचा आवाज संघटित होण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने पुण्यात १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीचे काम उभे राहिले, पाठोपाठ १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामागे या चळवळीची पुण्याई आहे. पण त्या कायद्यात तक्रार करायची ती प्रामुख्याने आपल्या वस्तूबद्दल, आणि दाद मिळायची ती आपल्यापुरती. शेजाऱ्याच्या दारात उभ्या असलेल्या त्याच गाडीचे काय, हा प्रश्न सहसा निकालाच्या कक्षेबाहेर राही.

२०१० हे वर्ष या दृष्टीने वळणाचे. फेब्रुवारीत मारुतीने ए-स्टारच्या सुमारे एक लाख गाड्या इंधनगळतीच्या शक्यतेमुळे बोलावल्या. त्याच वर्षी टाटांच्या नॅनोला आगी लागण्याच्या घटना घडल्या. मुंबईत मार्चमध्ये शोरूममधून नुकतीच निघालेली गाडी पेटल्याचे चित्र सगळ्यांनी पाहिले. नोव्हेंबरमध्ये कंपनीने विकलेल्या नॅनो गाड्यांत अधिकची संरक्षक साधने विनामूल्य बसवून देण्याचे जाहीर केले. मात्र हे ‘रिकॉल’ नाही, असे तिने आवर्जून सांगितले. काम तेच: मालकाने गाडी न्यायची, कंपनीने पैसे न घेता भाग बसवायचे. फक्त शब्द नाकारला. शब्द स्वीकारला असता तर त्यासोबत दोषाची कबुली स्वीकारावी लागली असती. साहित्याच्या विद्यार्थ्याला शब्दाच्या अशा वजनाचे नवल वाटू नये. पण त्याचा परिणाम व्यवहारावर होतो. ‘अधिकची सोय’ घ्यायला माणूस सवडीने जातो. ‘दोष’ काढून घ्यायला लगेच जातो.

पुढची पावले झपाट्याने पडली. जुलै २०१२ मध्ये वाहननिर्मात्यांच्या ‘सियाम’ या संघटनेने स्वेच्छेने पाळायची संहिता केली. जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्सने टवेराच्या १ लाख १४ हजार गाड्या बोलावल्या. तपासणीसाठी जाणाऱ्या इंजिनांत कर्मचाऱ्यांनीच फेरफार केल्याचे त्यात उघड झाले. डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनने सुमारे ३ लाख २३ हजार डिझेल गाड्या बोलावल्या; त्याआधी पुण्याच्या ‘एआरएआय’ या चाचणीसंस्थेने प्रयोगशाळेतले आणि रस्त्यावरचे धुराचे प्रमाण जुळत नसल्याचे दाखवले होते. या दोन प्रकरणांनी स्वेच्छेची मर्यादा दाखवून दिली. ज्याने जाणूनबुजून लपवले, त्याच्या स्वेच्छेवर विसंबणार कसे?

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ‘११०-अ’ हे कलम घातले. पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना अपाय करील असा दोष आढळल्यास गाड्या परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकार आता देऊ शकते. निर्मात्याने मालकाला पूर्ण किंमत द्यावी, तशीच किंवा सरस गाडी द्यावी अथवा दुरुस्त करून द्यावी. स्वतःहून दोष कळवून गाड्या बोलावणाऱ्याला दंड नाही. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनी सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांची मर्यादा घातली, दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत ठरवला, आणि किती तक्रारी आल्यावर चौकशी सुरू व्हावी याचे कोष्टक दिले. नाशिकच्या त्या सहाशे गाड्या या नियमांनंतर चार महिन्यांच्या आत बोलावल्या गेल्या. इथे आदेश नव्हता. कंपनीने आपण होऊन बोलावले. आपल्याकडचे बहुतेक सर्व प्रसंग याच स्वरूपाचे आहेत. तरीही मागे दंड उभा असताना दाखवलेली स्वेच्छा आणि मागे काहीच नसताना दाखवलेली स्वेच्छा यांत फरक असतोच.

५

आता या व्यवहारातल्या लेखनाकडे वळू. नाशिकच्या त्या घटनेची माहिती कंपनीने शेअर बाजाराला दिली. मालकांना वैयक्तिक कळवले जाईल असे सांगितले. शेअर बाजाराला कळवणे हे नोंदणीकृत कंपनीचे कायदेशीर कर्तव्य आहे, त्यात वावगे काही नाही. पण परिणाम असा होतो, की ही सूचना ज्या भाषेत घडते ती मुळात गुंतवणूकदाराला धीर देणारी भाषा असते. ‘खबरदारीचा उपाय म्हणून’, ‘मर्यादित संख्येतील’, ‘संभाव्य’, ‘आढळून आले आहे’. शेवटचा शब्दप्रयोग विशेष पाहण्यासारखा आहे. दोष आढळून येतो. कोणाला आढळला, केव्हा आढळला, कोणामुळे घडला, हे वाक्यात नसते. मराठीची रचना अशा अकर्तृक वाक्यांना फार सोयीची आहे, आणि सरकारी व व्यापारी मराठीने या सोयीचा भरपूर लाभ घेतला आहे.

घाबरवणारे पत्र लोकांना गोंधळात टाकते, हे खरे. पण धीर देणारे पत्र त्यांना घरी बसवते. सूचनापत्राला तीन प्रश्नांची उत्तरे देता आली पाहिजेत: काय होऊ शकते, तोवर गाडी चालवावी का, आणि कोठे जायचे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘कार्यक्षमतेवर परिणाम’ असे दिले, तर ब्रेक लागणार नाही की काच हळू उतरेल हे वाचणाऱ्याला कळत नाही. आणि हे पत्र पुष्कळदा इंग्रजीत असते. कळवण किंवा सुरगाण्यातल्या ज्या शेतकऱ्याने कर्ज काढून पिकअप घेतली, त्याच्या हाती ते पडते तेव्हा ते जाहिरातीच्या कागदांत जाते. विक्रीच्या वेळी हीच कंपनी मराठीत बोलते, भिंती रंगवते, मराठीतच सवलती मोजून दाखवते. विकताना मराठी आणि सावध करताना इंग्रजी, ही वाटणी भाषेच्या अध्यापकांनी तरी मुकाट्याने मान्य करू नये.

दुसरी अडचण पत्त्याची. गाडी विकली जाते, पुन्हा विकली जाते. कंपनीच्या वहीत पहिल्याच मालकाचे नाव राहते. वॉरंटी संपली की बहुतेक लोक अधिकृत सर्व्हिस सेंटर सोडून द्वारका किंवा मुंबई नाका भागातल्या ओळखीच्या गॅरेजात जाऊ लागतात, आणि मग कंपनीशी असलेला धागा पूर्ण तुटतो. म्हणजे गाडी जितकी जुनी, मालक जितका कमी ऐपतीचा, तितकी बोलावण्याची हाक त्याच्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता कमी. ताकाता कंपनीच्या एअरबॅगचे उदाहरण घ्या. त्यातला स्फोटक पदार्थ उष्णता आणि दमटपणा यांनी वर्षानुवर्षांत बिघडत जातो. म्हणजे धोका गाडी जुनी होते तसा वाढतो. नेमक्या त्याच वयात गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाती गेलेली असते. ताकाताने २०१७ मध्ये दिवाळे काढले. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतात गाड्या विकणे थांबवले, फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. बोलावणारा देश सोडून जातो, बोलावले जायचे ते मात्र इथल्याच रस्त्यांवर राहतात.

याच नाशिक जिल्ह्यातल्या ओझरची तुलना इथे उद्बोधक ठरेल. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या तिथल्या कारखान्यात सुखोई-३० विमाने तयार होतात. १४ ऑक्टोबर २०१४ रोजी पुण्याजवळ असे एक विमान कोसळले. वैमानिक आसनासह बाहेर फेकले जाऊन वाचले. ते आसन कसे सुटले याचा संशय येताच हवाई दलाने या जातीची सगळी विमाने जमिनीवर ठेवली. ते शक्य झाले, कारण मालक एक होता, प्रत्येक विमान कोठे आहे हे त्याला ठाऊक होते, आणि उडवायचे की नाही हे ठरवणे सर्वस्वी त्याच्या हातात होते. मोटारीच्या बाबतीत तोच निर्णय हजार घरांत, हजार वेगवेगळ्या मनःस्थितींत होतो.

६

तेव्हा शेवटी प्रश्न येतो तो मालकाच्या निर्णयाचा. कायदा निर्मात्याला बांधतो. गाडी घेऊन जा म्हणून मालकाच्या मागे तो लागत नाही. मालक काय काय तोलतो? आडगावच्या नाही तर अंबडच्या सर्व्हिस सेंटरला जायचे म्हणजे अर्धा दिवस गेला. तिथे फुकट कामासाठी नेलेल्या गाडीला चार जादा कामे सुचवली जातील ही धास्ती. ‘गाडी तर व्यवस्थित चालते’ हा अनुभव. आणि आपल्या गाडीत काही खोट आहे हे कबूल करण्याचा संकोच. दसऱ्याला झेंडू वाहिलेल्या वस्तूबद्दल तो वाटणे स्वाभाविक आहे. यातले एकही कारण हास्यास्पद नाही. पण त्यांतले सर्वांत भक्कम वाटणारे, म्हणजे गाडी चालते हे, सर्वांत कच्चे आहे. सदोष एअरबॅग ज्या दिवशी उघडायची वेळ येते तोवर निर्दोषच दिसते. वापरणाऱ्याला जाणवणार नाही असा दोष असतो, म्हणून तर कारखान्याला कळवावे लागते.

निर्णयाला काही आधार घेता येतो. आरसी पुस्तकात छापलेला चेसिस क्रमांक हा गाडीचा खरा पत्ता. बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळांवर तो घालून आपली गाडी बोलावलेल्यांत आहे का ते पाहता येते. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याने कागदपत्रांइतक्याच काळजीने हे पाहावे. इंधनगळती, ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग यांचा उल्लेख असेल तर सवड पाहू नये. गाडी तोवर चालवावी का, हे कंपनीला विचारून लेखी उत्तर घ्यावे. तपासणीपुरते बोलावले असेल तर तारीख ठरवून जावे आणि काय पाहिले, काय बदलले याची नोंद असलेले जॉबकार्ड जपून ठेवावे. गाडी विकताना ते पुढच्याच्या हाती द्यावे. ओळखीच्या मिस्त्रीने हाच भाग परस्पर बदलला तर काम कदाचित चांगलेच होईल. पण कंपनीच्या नोंदीत ती गाडी दुरुस्त न झालेलीच राहील, आणि दोषाचा माग पुन्हा एकदा हरवेल.

धुराच्या कारणासाठी बोलावलेल्या गाडीचा निर्णय सर्वांत अवघड. टवेरा किंवा फोक्सवॅगनच्या मालकाला दुरुस्तीने स्वतःचा लाभ काहीच नव्हता. उलट गाडीची ताकद किंवा मायलेज घटेल ही भीती. अपाय होत होता तो श्वास घेणाऱ्या अनोळखी माणसांना. कलम ११०-अ ने अपाय होणाऱ्यांच्या यादीत पर्यावरण आणि रस्त्यावरचे इतर यांना चालकाच्या बरोबरीने बसवले आहे. विकत घेतलेली वस्तू ही सर्वस्वी आपली, या कल्पनेला कायद्याने दिलेला हा शांत छेद आहे.

तो छेद नाशिकच्या रस्त्यांवर रोज दिसतो. शिर्डी-त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर भाड्याच्या गाड्या धावतात. गाडीचा मालक एक, चालवणारा दुसरा, बसणारे परगावचे. सूचनापत्र येते मालकाकडे. कसारा घाटात ब्रेकवर पाय असतो चालकाचा. मागच्या आसनावर ज्यांना या सगळ्याची गंधवार्ता नाही असे यात्रेकरू. द्राक्षांच्या हंगामात पहाटे मजुरांना घेऊन जाणाऱ्या पिकअपचेही तेच. पत्र ज्याच्या हाती पडते आणि धोका ज्याच्या वाट्याला येतो ते पुष्कळदा वेगळे असतात. म्हणून ते पत्र उघडून वाचणे, न समजल्यास कोणाकडून समजून घेणे आणि अर्धा दिवस काढून जाणे, ही मालकाची खासगी बाब राहत नाही.

‘रिकॉल’ या इंग्रजी शब्दाचा आणखी एक अर्थ ‘आठवणे’ असा आहे. मराठी भाषांतरात तो आला नाही. विकलेली वस्तू कोठे आहे, कोणाकडे आहे, तिच्यात आपण काय ठेवून दिले, हे निर्मात्याने आठवणीत ठेवणे हाच या सगळ्या कायद्यांचा गाभा आहे. मराठीत नवा शब्द घडवायचा झाला तर ‘परत मागवणे’ सोडून ‘दुरुस्तीसाठी बोलावणे’ असे सरळ म्हणावे. म्हणजे आपली गाडी कोणी नेणार नाही हे मालकाला कळेल, आणि आपल्याला जायचे आहे हेही कळेल.